छपरावरच्या होडीचा शॉवर

आमच्या यमुआत्याला गोडं पाणी आणि खारं पाणी यातला फरक कळत नाही.

ही गोष्ट मी आजवर आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि (लाज वाटते, पण सांगतो) एका तेराव्यालासुद्धा सांगितलेली आहे. दर वेळी माणसं पोट धरधरून हसली आहेत. मी गोष्ट बरी सांगतो. साहेबांचा आवाज काढतो, शेठचं हिंदी बोलतो, आत्याचा पडलेला चेहरा करून दाखवतो. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण ही गोष्ट सुरू झाली की नातेवाईक म्हणतात, "जनाला सांगू द्या, त्याच्यासारखी कुणाला जमत नाही."

कशी जमणार? रचलीच मी आहे. गोष्ट खोटी आहे. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात हात जोडून उभा असतानासुद्धा नाही. (देवाला ठाऊक असेलच, म्हणून तिथं विषय टाळला.)

आता खरी सांगतो. हसू आलं तर हसा. तेवढी सवय आहे.

भाईंदरजवळच्या राई गावाच्या वरच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून, एक जुना बंगला होता. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या दमेकरी बायकोला खाडीची हवा मिळावी म्हणून बांधलेला. कौलारू छप्पर, लाल फरशी, खिडक्यांना रंगीत काचा, आणि मागच्या बाजूला नंतर जोडलेली न्हाणी. न्हाणीवर मात्र कौलं नव्हती, सपाट गच्ची होती. आणि त्या न्हाणीत तो टब होता. बिडाचा, आतून पांढरा शुभ्र, खाली वाघाच्या पंजांसारखे चार पाय. राईतली म्हातारी माणसं सांगायची, की स्टेशनावरून टब आणताना गाडीचे दोन्ही बैल वाटेत बसले ते उठलेच नाहीत. (मला वाटतं एकच बैल बसला असावा. पण आमच्या गावात गोष्टी सांगण्याची परंपरा जुनी आहे, मी त्यातलाच.)

यमुआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबा त्या बंगल्याचे राखणदार होते. ते गेल्यावर बंगल्याच्या मालकांनी, थोरल्या शेठनी, आत्याला मागच्या दोन खोल्यांत राहू दिलं. बोली अशी, की बंगला तिनं झाडून-पुसून ठेवायचा, उन्हाळ्यात हवापालटाला येणाऱ्या मुंबईकरांना भाड्यानं द्यायचा आणि त्यातून बंगल्याची डागडुजी भागवायची. मूलबाळ नव्हतं. तिचं म्हणावं असं जगात दुसरं काही नव्हतं. तो बंगला होता आणि तो टब होता.

टबावर तिचा जीव. रोज राखेनं घासायची. नवा भाडोत्री आला की आधी त्याला दिवाणखाना नाही, खाडी नाही, टब दाखवायची. "यान सायब लोकं बसत व्हते," असं सांगायची, जणू तिनं स्वतः एकेका साहेबाला हात धरून बसवला होता. आणि गावाच्या त्या टोकाला असलेल्या गोड्या विहिरीवरून, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, अशा खेपा घालून तो अजस्र टब भरून ठेवायची.

त्यात कुणी बसत नसे. बाहेरून आलेली माणसं त्या टबाचं काय करायची हे तिला मी कधी नीट सांगितलं नाही. एकानं त्यात पेंढा घालून आंब्यांची अढी लावली. एका कुटुंबानं त्यात जिवंत चिंबोऱ्या सोडल्या आणि मग आंघोळीला कुणी जायचं यावरून नवरा-बायकोचं भांडण झालं. बाकीचे सगळे सरळमार्गी लोक बादली-तांब्या घेऊन टबात उभे राहायचे आणि आत्यानं भरलेल्या पाण्यात पाय बुडवून, वरून त्याच पाण्याचे तांबे ओतून घ्यायचे. आत्या बाहेरून आवाज ऐकायची आणि समाधानानं मान हलवायची. "बसलं वाटतं!"

मग थोरले शेठ वारले आणि धाकटे शेठ गाडी घेऊन बंगला बघायला आले. कौलं बघितली, भिंतींची ओल बघितली, टब बघून हसले. आत्याला म्हणाले, "देखो मावशी, काशीमीरा का एक पार्टी गोदाम के लिए जगा मांगता है. ये मे महिने में अच्छा भाडोत्री आया तो रखेंगे. नहीं आया, तो बेच डालेंगे."

आत्याला हिंदी येत नव्हतं. "काय बोलला रं?" तिनं मला विचारलं.

"या मे महिन्यात चांगला भाडोत्री पाहिजे म्हणतात. नाहीतर बंगला विकणार."

"आनि मी?"

मी छपराची कौलं मोजायला लागलो. तेव्हापासूनच मी मितभाषी आहे.

पासष्ट-सहासष्टचा तो सुमार. मी मुंबईत एका कचेरीत टेंपररी कारकून होतो. आमचे साहेब करंदीकर. माणूस वाईट नव्हता, पण स्वच्छतेच्या बाबतीत आजारी होता. फायलीला हात लावला की हात धुवायचे, हात धुतला की नळ धुवायचे, मग नळ धुतल्यामुळे पुन्हा हात. मला कायम करायचं की काढायचं हे त्यांच्या एका शेऱ्यावर होतं. त्यांना मे महिन्यात बायकोला घेऊन कुठेतरी शांत जागी जायचं होतं. मी संधी साधली.

"साहेब, आमच्या आत्याचा बंगला आहे. खाडीवर. विलायती बाथटबसकट!"

"टब?" साहेबांनी तोंड असं केलं, की जणू मी त्यांच्या पानात झुरळ वाढलं असावं. "अहो, टब म्हणजे स्वतःच्या मळात स्वतःला मुरवत ठेवणं! लोणचं आहे का माणूस? आंघोळ म्हणजे पाणी अंगावरून वाहून गेलं पाहिजे. शॉवर आहे का?"

"आहे ना साहेब!" मी म्हणालो.

नव्हता. राईत त्या वेळी शॉवर फक्त पावसाळ्यात यायचा.

शनिवारी मी चोरबाजारातून एक पितळी चाळणी घेतली. कुठल्यातरी बोटीवरची असावी, ताटाएवढी होती. ती घेऊन आत्याकडे गेलो.

"यो काय झारा आनलास? भजी तलाची हायत?"

"शॉवर आहे हा, आत्या. वरून पाणी पडतं."

"आनि टब हाय तो?"

"शहरातली माणसं साचलेल्या पाण्यात बसत नाहीत."

"साचलेला?" आत्या फणकारली. "रोज नवा पानी भरते मी! तुजा सायब काय सोन्याचा हाय, तेला पान्यान बसाला व्हत न्हाय? म्हसरासारका उबा र्‍हावून न्हानार?"

"म्हशी बसून आंघोळ करतात, आत्या. उभं राहून माणसं करतात."

यावर तिनं मला त्या चाळणीनंच मारलं. पण साहेब मला कायम करतील आणि बंगलाही वाचेल, हे कळल्यावर तिचा विरोध मावळला. "तुजी नौकरी र्‍हायली तं लाव तो झारा," म्हणाली. स्वतःच्या घराचं नाव तिनं घेतलं नाही, माझ्या नोकरीचं घेतलं. ही गोष्ट मी लग्नांमध्ये सांगताना गाळतो.

आता शॉवर लागायचा तर वर टाकी पाहिजे. राईत वीज जेमतेम आलेली, पंप कुठला? टाकी तरी कुठली? मी परसात हिंडत असताना मला आतोबांची होडी दिसली. फळ्यांची, लहानशी, आतोबा गेल्यापासून भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली.

"आत्या, ही होडी न्हाणीवर चढवू."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्येंची होडी हाय ती."

"मग काय झालं? पाण्याचीच वस्तू ना? आजवर ही पाण्यात होती, आता पाणी हिच्यात."

तिनं होडीच्या तळावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "चढव."

गावातली सहा माणसं, दोन वासे आणि असंख्य शिव्या लागल्या, पण होडी चढली. दुसऱ्या दिवसापासून लोक बघायला यायला लागले. "आत्या, पूर येनार हाय काय गं?" "न्हाय, जना मुंबईला होडीतनं जानार हाय, कौलावरनं!" एक म्हातारा रोज येऊन नुसता बसायचा आणि होडीकडे बघून मान हलवायचा. मग मी भाईंदरच्या नळवाल्याला आणला. त्यानं होडीच्या तळाला भोक पाडलं, त्यातून पाइप घेतला, भिंतीतून खाली न्हाणीत आणला, टबाच्या बरोबर वर पितळी चाळणी बसवली. भोक पाडताना नळवाला थांबून मला म्हणाला, "भाय, नाव में छेद करने का पैसा पहली बार ले रहा हूँ."

होडी वर्षानुवर्षं कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. तिला पाणी पाजावं लागतं. सतत भरून ठेवली की लाकूड फुगतं, फटी मिटतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे साहेब यायच्या आधी पाच-सहा आठवडे तरी होडी पाण्यानं भरलेली हवी होती. आणि भरायची कुणी? आत्याचे गुडघे शिडी चढण्यापलीकडे गेले होते.

"मी भरतो," मी म्हणालो.

"गोड्या हिरीचा पानी भर हां. यो परसातला न्हाय. उन्हाल्यान तो खारा व्हतो."

"आत्या, मी काय मुंबईत जन्मलो?"

नव्हतो ना! तेच तर. माझे आजोबा मिठागरावर, वडील मिठागरावर, मी स्वतः शाळा सुटल्यावर वडिलांना भाकरी द्यायला मिठागरावर. मीठ कसं पिकतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. खारं पाणी घ्या. रुंद, उथळ जागेत पसरा. वर ऊन येऊ द्या. आटलं की पुन्हा खारं पाणी सोडा. पुन्हा ऊन. झालं!

गोडी विहीर गावाच्या त्या टोकाला. परसातली विहीर न्हाणीला चिकटून, गच्चीवरून नुसता दोर सोडला की बादली वर. मी पहिल्या रविवारी गोड्या विहिरीच्या दिशेनं थोडं चाललोदेखील. मग ऊन लागलं. परत आलो आणि दोर सोडला.

"गोडाच हाय ना?" आत्यानं खालून विचारलं.

"साखरेसारखं!"

दर रविवारी मी यायचो. होडीतलं पाणी आटलेलं असायचं, मी परसातल्या विहिरीचं वर घालायचो. एप्रिल गेला, मे आला. खाडीवरचं ते ऊन, खालचा सिमेंटचा तवा, रुंद उथळ होडी. मिठागरावर याला सगळी व्यवस्था चोख म्हणतात.

साहेब रविवारी सकाळी येणार होते. शनिवारी मी गच्चीवर चढलो तेव्हा पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं आणि होडीच्या आतल्या फळ्यांवर एक पांढरी रेघ उमटली होती. कडेला बोट फिरवलं तर बोटाला कुरकुरलं.

मी ती रेघ ओळखली. इथं कुणी म्हणेल, की तरुण होता, ध्यानात आलं नसेल. आलं होतं. गोष्टीतला हाच भाग कुणाला ठाऊक नाही, म्हणून पुन्हा सांगतो. मी रेघ ओळखली. तळाचा नळ सोडून होडी रिकामी करायची आणि गोडं पाणी आणून भरायचं, संध्याकाळचं काम होतं. पण त्या संध्याकाळी शेजारच्या मोरव्याला माझ्या मित्राची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी! आणि माझ्या अंगात नवा बुशशर्ट होता. कळश्या वाहिल्या असत्या तर बुशशर्टाची घडी मोडली असती.

मी परसातल्या विहिरीच्या बादल्या ओतल्या, होडी काठोकाठ भरली आणि हळदीला गेलो.

आत्या मात्र त्या संध्याकाळी गोड्या विहिरीवर खेपा घालत होती. टब भरत होती. "झारा लावलास तरी टब भरून ठेवते," म्हणाली. "सायबाचा मन झाला तं!" मी हसलो होतो तिला.

रविवारी साहेब टांग्यातून उतरले. लालबुंद झाले होते. मानेवर, पाठीवर, काखेत घामोळं फुटलेलं. साहेबांच्या बाई बिचाऱ्या मागून उतरल्या, घरून आणलेल्या पाण्याच्या फिरकीच्या तांब्याला घट्ट धरून.

"आधी आंघोळ!" साहेब म्हणाले.

आत्यानं त्यांना टब दाखवला. त्यांनी टबातल्या पाण्याकडे असं पाहिलं, की जणू त्यात कुणी मेलंय. "हे काढून टाका हो. साचलेलं आहे." मग वर पाहिलं. ताटाएवढी पितळी चाळणी बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा! जनार्दन, याला म्हणतात सोय!"

पाणी काढून टाकायला वेळ नव्हता. टब काठापासून काठापर्यंत फळ्यांनी घट्ट झाकला, त्यांवर साहेब उभे राहिले, दार लावून घेतलं. आम्ही बाहेर. आतून नळ फिरल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा, मग साहेबांचं स्तोत्र.

स्तोत्राच्या दुसऱ्या ओळीला ते थांबले.

"जनार्दन! साबणाला फेस येत नाही!"

"घासा साहेब! खेड्यातलं पाणी जड असतं!"

साहेबांनी घासला. साबणाचं दह्यासारखं काहीतरी झालं आणि ते त्यांच्या अंगावरच्या केसांना धरून बसलं (साहेब केसाळ होते). ते धुवायला त्यांनी नळ पूर्ण सोडला. तोवर चाळणीची निम्मी भोकं खड्यांनी बुजली होती. उरलेल्या भोकांतून पाणी पिचकारीसारखं आडवं-तिडवं उडालं आणि एक धार नेमकी डोळ्यात गेली.

"आई गं!"

आणि मग ते पाणी घामोळ्यांत शिरलं.

मी पुष्कळ आवाज काढून दाखवतो, पण तो आवाज मला अजून नीट जमलेला नाही. बैल आणि इंजिन यांच्या मधला होता. बाई ओरडल्या, "अहो, काय झालं?" आतून, "आग! आग!" गावातली दोन माणसं खरोखर बादल्या घेऊन धावत आली. परसातल्याच विहिरीच्या!

दार उघडलं. साहेब पंचा गुंडाळून बाहेर आले ते तडक अंगणात वाऱ्याला उभे राहिले, कारण वारा लागला की आग शमेल असं त्यांना वाटलं. वाऱ्यानं ते वाळले. आणि वाळता वाळता पांढरे व्हायला लागले. आधी भुवया, मग मिशा, मग छाती. जानवं ताठ होऊन अंगापासून सुटलं. त्यांनी चकित होऊन दंडाला जीभ लावली.

"मीठ!" ते म्हणाले. "हे मीठ आहे! मला खारवलंय!"

बघ्यांतला तो रोजचा म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "आता उलटा टांगून दोन दिवस वालवा. चार म्हयने टिकंल."

आणि नेमकी त्याच वेळी धाकट्या शेठची गाडी फाटकातून आत आली.

पुढचं सगळं फार भराभर घडलं. साहेब ओरडले, आगीला दुसरा उपाय दिसेना, आणि ते परत न्हाणीत धावले. फळ्या भिरकावल्या आणि त्या टबात, ज्याला ते लोणच्याची बरणी म्हणत होते त्यात, गळ्यापर्यंत बसले. आत्यानं डोक्यावरून वाहून आणलेल्या गोड्या पाण्यात. हळूहळू त्यांचं तोंड सरळ झालं. डोळे मिटले. "आहाहा," म्हणाले.

जुन्या भाड्याच्या घरात टब असताना शॉवरही हवा का, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे अनुभवाचं उत्तर आहे. शॉवर लावलात तर टब हवाच. शॉवरची आंघोळ धुवायला!

(इथं लग्नात टाळ्या पडतात.)

शेठ न्हाणीच्या दारात उभे. टबात साहेब, वर चाळणी, गच्चीवर होडी. "ये क्या तमाशा है? नाव ऊपर क्यूं चढाया? और पानी किसने भरा?"

पाणी कुणी भरलं? प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. माझ्या एका बाजूला शेठ, समोर टबात माझी नोकरी, आणि दाराशी पदर तोंडाला लावून आत्या. साहेबांनीही डोळे उघडले होते. "जनार्दन, कोणी भरलं हो ते पाणी?"

आत्या माझ्याकडे बघत होती. तिला तोपर्यंत सगळं कळलं होतं. मिठागरवाल्याची लेक, साहेबांच्या मिशा बघूनच कळलं असणार.

मी म्हणालो, "आत्याचं वय झालंय साहेब. हल्ली तिला विहिरीतला फरक कळत नाही. गोडं-खारं सगळं एकच वाटतं."

आणि शेठना हिंदीत सांगितलं. "बुढ्ढी है. समझता नहीं अभी."

गडबडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती आता आली. साहेब बसले होते ते पाणी गोडं होतं! आत्यानं भरलेलं. तिला विहिरी कळत नाहीत, तर टबात गोडं पाणी आलं कुठून? नुसता विचार करायचा अवकाश, किंवा कुणी एक बोट बुडवून चाखायचा. पुरावा टबात काठोकाठ भरला होता आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो.

साहेब बाहेर आले, पंचा सावरत बाईंकडे गेले. शेठ टबाकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "और ये पानी..."

आत्या पुढं आली. शेठचं हिंदी तिला कळलं होतं की नाही कोण जाणे, त्यांचं बोट कळलं. तिनं वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि बूच ओढलं.

"सायब न्हाला ना यान. घान झाला," ती म्हणाली. "सोरून देते."

पाणी गर्रकन फिरलं आणि मोरीतून निघून गेलं. तिच्या सगळ्या खेपा गेल्या. आम्ही बघत उभे होतो. मग तिनं ओला हात लुगड्याला पुसला, आणि शेठना, त्यांना मराठी कळतं की नाही याचा विचार न करता, म्हणाली, "माजीच चुकी हाय. मना आता कलत न्हाय."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेठनी बंगला विकला. विहीर ओळखू न येणाऱ्या म्हातारीच्या भरवशावर भाडोत्री ठेवायचे कसे, असं म्हणाले, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. साहेब दुपारच्या गाडीनं मुंबईला परतले. मला वाटलं, गेली नोकरी. पण साहेब माणूस न्यायी. माझ्या वर्तणुकीवर त्यांनी शेरा मारला, की हा मुलगा वृद्ध आत्याला तिच्या सर्व व्याधींसह सांभाळतो, जबाबदार आहे. मला कायम केलं. कचेरीत पेढे वाटले मी.

आणि मग सांभाळणं भागच होतं, कारण तसा शेराच होता! आत्या आमच्याकडे आली. आज भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागे आमच्या दोन खोल्या आहेत, मी, बायको, दोन मुलं आणि आत्या. आंघोळीला मोरी आहे, आडवी साडी बांधलेली. टब नाही, शॉवर नाही. बंगल्याच्या जागी गोदाम उभं राहिलं. टबाचं काय झालं याची मी चौकशी केली नाही. होडी म्हणे फोडून जाळली.

आणि गोष्ट राहिली. पहिल्यांदा मी ती सांगितली ती माझ्याच लग्नात, बायकोच्या माहेरच्यांना हसवायला. आत्या पंगतीत बसली होती. तीही हसली. मला वाटलं, चला, विसरली.

बायकोनं मात्र ती खरी मानली. बिचारीचा काय दोष? घरात आल्यापासून तिनं नियम केला. आत्यानं सगळं करावं, भाजी निवडावी, मासळी साफ करावी, वाटण वाटावं, पण मीठ घालायचं नाही. "आत्या, राहू द्या, मीठ मी घालते. तुम्हाला कळत नाही ना!" प्रेमानंच म्हणते. आत्या बाजूला सरते. मिठागरावर जन्मलेली बाई, जिभेच्या शेंड्यावर थेंब ठेवून सांगायची की आज भरतीचं पाणी किती खारं आहे, ती गेली कित्येक वर्षं स्वतःच्या कालवणात मीठ घालू शकलेली नाही. मी समोर जेवत असतो. बायकोचा हात खारट आहे. मी गुपचूप जेवतो.

परवा धाकट्या मुलानं विचारलं, "आत्याआजी, तुला खरंच कळत नाही?"

ती म्हणाली, "तुज्या बापाला इचार. तेला समदा कलतं."

मी पेपर तोंडासमोर धरला.

म्हणून आता हे सगळं लिहून काढलं. काही न लपवता, बुशशर्टासकट. लिहून झाल्यावर खूप हलकं वाटलं, मी किती धीट आहे असंही वाटलं. आत्या आत तांदूळ निवडत बसली आहे, मी इथं बाहेर. मग लक्षात आलं, की माझा हा सगळा धीटपणा एकाच भरवशावर आहे. आत्याला अक्षर वाचता येत नाही.

तेव्हा देणं अजून तसंच आहे. आत जाऊन, बायको-मुलांसमोर, तोंडानं म्हणायचं आहे, की ते पाणी मी भरलं होतं. ते मी अजून म्हटलेलं नाही.